नायट्रो ट्रक सुरू होईना तेव्हा

सोलापुरात एप्रिलचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून माझा नायट्रो ट्रक (नायट्रो इंधनावर चालणारी छोटी रिमोट कंट्रोल गाडी) मी पहाटेच मैदानावर नेतो. त्या दिवशी इंजिन सुरू करायला ओढायची दोरीच जाम झाली. अशा वेळी जोर अजिबात लावू नका! सिलिंडरमध्ये इंधन साचलेलं असतं, द्रव दाबला जात नाही, आणि पिस्टनला जोडलेला दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकू शकतो. ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) काढला, ट्रक उलटा धरून दोरी ओढली. इंधन फवारून बाहेर आलं. (डोळे जपा, त्यात मिथेनॉल असतं.)

मग प्लग इग्नायटरला, म्हणजे त्याची तार तापवणाऱ्या बॅटरीच्या उपकरणाला लावला. तार जेमतेम लालसर. खरं दुखणं हेच होतं. इग्नायटर पूर्ण चार्ज केल्यावर तार लख्ख नारिंगी झाली, आणि इंजिन लगेच धडधडलं. इंधनाची बाटलीही घट्ट बंद ठेवा; मिथेनॉल हवेतली ओल शोषतं.