आषाढाची झड आणि कोंबड्यांखालची ओली गादी

हे वाचायच्या आधीच खुराड्यात जाऊन आलात तर उत्तम. तिथे कोंबड्यांखाली अंथरलेला तुसाचा, म्हणजे भाताच्या टरफलांचा थर, तीच गादी. पाण्याच्या भांड्याशेजारचं तूस मुठीत घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे, आजच हात घाला. गोळा हळूहळू सुटला तर ठीक. मुळीच धरला नाही आणि धूळ उडाली तर जास्तच कोरडी आहे, पण या दिवसांत ती तक्रार कुणाची नसते.

नाशिक जिल्ह्यात शंभर-दोनशे गावरान किंवा गिरिराज, वनराजा या सुधारित जातींच्या कोंबड्या पाळणाऱ्यांची पिल्लं आषाढापासून पोळ्यापर्यंत जी मरतात, त्यातली निम्मी तरी या ओल्या गादीमुळे मरतात असा माझा अंदाज आहे. मोजदाद कुणी केलेली नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय ते सांगतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याला झड थांबत नाही म्हणून गादी ओली. येवला, सिन्नर, निफाडला पाऊस बेताचा, पण आठ-आठ दिवस ऊन नाही म्हणून वाळत नाही. आपल्याकडे पाऊस कमी, आपल्याला काय होतंय, या भरवशावर पूर्वेकडचे लोकच जास्त फसतात.

ओल्या गादीतून येणाऱ्या रक्ती हगवणीचं गणित सोपं आहे. हा रोग कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म जीवाचा. त्याची अंडी विष्ठेतून पडतात, पण पडल्या पडल्या ती रोग करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दिवस-दोन दिवसांत पिकतात. ती पिल्लाच्या चोचीतून आत गेली की आतड्याला जखमा होतात. ३ ते ८ आठवड्यांच्या पिल्लांना सगळ्यात जास्त धोका. पिल्लू पंख ढिले सोडून कोपऱ्यात गोळा होऊन बसतं, खाणं सुटतं, विष्ठा लालसर किंवा चॉकलेटी दिसते. खालची जागा कोरडी असेल तर बहुतेक अंडी पिकतच नाहीत. म्हणून औषधाच्या आधी तुसाकडे बघा.

ओल येते कुठून? सगळे पावसाला दोष देतात. मी पाहिलेल्या बहुतेक शेडमध्ये खरा दोष पाण्याच्या भांड्याचा होता. भांडं जमिनीवर ठेवलेलं, पिल्लं त्यात पाय घालतात, पाणी सांडतं, आणि भोवती दोन हाताचं चिखलाचं रिंगण तयार होतं. भांड्याचा काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला हवा. पिल्लं वाढतील तशा खाली विटा वाढवा आणि विटांवर जाळीचा तुकडा टाका, म्हणजे सांडलेलं पाणी जाळीखाली राहतं आणि पिल्लाचे पाय तिथे पोचत नाहीत. हा तुकडा भंगारवाल्याकडे पन्नास-शंभर रुपयांत मिळतो.

दुसरी ओल वळचणीची. पत्रा भिंतीबाहेर किमान ३ फूट असावा. नसेल तर ताडपत्रीची झालर तिरकी बांधा. शेडची जमीन आजूबाजूपेक्षा फूट-दीड फूट उंच नसेल तर भोवती चर खणा. हे काम वाफसा यायची वाट बघत बसू नका, पावसातच करा, पाणी कुठून आत येतं ते तेव्हाच दिसतं.

ओली जागा सापडली की ते तूस पूर्ण उचलून बाहेर काढा. वरून कोरडं तूस पसरून झाकणारे फार आहेत. खालचा थर तसाच उबत राहतो आणि चार दिवसांनी वरचाही ओला होतो. काढलेल्या जागी चाळलेल्या विझवलेल्या चुन्याची पातळ भुरभुर करा, धूळ बसू द्या, मग नवीन तूस २ ते ३ इंच. पिल्लं बाहेर काढूनच चुना टाका, डोळ्यांना लागतो. बाकी गादी रोज दुपारी एकदा दाताळ्याने खालीवर करा. रोज म्हणजे रोज, रविवारीही. तूस घोटीच्या भातगिरण्यांतून आणत असाल तर उघड्यावर भिजलेला ढीग घेऊ नका. फुकट दिला तरी नको. त्या बुरशीने पिल्लांची फुप्फुसं जातात.

पडद्यांबद्दल. झड लागली की लोक चारी बाजूंनी पोती बांधून टाकतात. माया समजते, पण विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू आत कोंडतो. शेडमध्ये पिल्लाच्या उंचीला उकिडवं बसा आणि एक मिनिट श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांचं काय होत असेल बघा. पडदा खालून बंद आणि वरून वीतभर उघडा, पावसातही.

आता दुकान. रक्ती हगवण दिसली की अँप्रोलियम २० टक्के पावडर, २५ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, ५ ते ७ दिवस, ही प्रचलित मात्रा. पाकिटावरचं वाचून आणि पशुवैद्यकांना विचारूनच द्या. त्यासोबत दुकानदार हमखास बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक हातात देतो, 'अशक्तपणा जाईल' म्हणून. अँप्रोलियम कॉक्सिडियाला मिळणारं बी-१ जीवनसत्त्व अडवून काम करतं. वरून तुम्ही बी-१ पाजलं की औषधाचे पैसे पाण्यात. टॉनिक द्यायचंच असेल तर कोर्स संपल्यावर. आणि हजार रुपयांच्या डब्यातली 'गादी सुकवणारी पावडर' घेण्याआधी दाताळं घ्या.

लसींची यादी लिहून शेडच्या खांबाला अडकवा:

- ५ ते ७ वा दिवस: मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस, डोळ्यात एक थेंब
- १४ वा दिवस: गंबोरो रोगाची लस
- २८ वा दिवस: लासोटा पुन्हा
- ६ ते ८ आठवडे: देवी
- ८ आठवडे: मानमोडीची आर टू बी, ०.५ मिली, कातडीखाली
- लस बर्फात आणा, सकाळी लवकर द्या, आजारी पक्ष्याला देऊ नका

खाद्यासाठी मका नवीन, ओला घेऊ नका. काळपट-हिरवी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

शेडमधून काढलेलं ते ओलं तूस शेवटी जातं कुठे? बहुतेकांकडे थेट टोमॅटोच्या वाफ्यात. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात आत्ता टोमॅटो जमिनीत आहे, काहींचा सुतळीवर चढलाय. कोंबडखतात सुमारे ३ टक्के नत्र असतं, शेणखतापेक्षा कितीतरी जास्त. ताजं खत मुळाशी पडलं की मुळं जळतात, पानं कडेने करपतात. शेतकऱ्याला वाटतं करपा (पानं करपवणारा बुरशीचा रोग) आला, तो दुकानात जातो आणि फवारणी घेऊन येतो. ज्यांची झाडं तगतात त्यांची नुसती पानंच गर्द माजतात, आत हवा खेळत नाही, आणि मग खराच करपा येतो. मेथी-कोथिंबिरीला ताजं कोंबडखत टाकूच नका, ती कच्ची खाल्ली जाते.

ते तूस पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली ढीग करून कुजवा. मक्याची ताटं, पाचट मध्ये थरांनी घाला, उंची ३-४ फूट, दहा-बारा दिवसांनी उलथा. ढिगात लोखंडी गज खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग तापतोय, काम चालू आहे. दोन महिन्यांनी वास मातीसारखा आला की वापरा. उघड्यावर ठेवलात तर पाऊस नत्र धुऊन नेईल आणि माश्या आठ-दहा दिवसांत घरात.

भाजीची बाकी कामं:

- रोपवाटिका गादीवाफ्यावर, सपाट जमिनीवर नको
- रोपं कोलमडत असतील तर कॉपर ऑक्सिक्लोराईड २.५ ग्रॅम प्रति लिटर, बुडाशी
- बुरशीसाठी १ टक्का बोर्डो मिश्रण: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर, लोखंडी भांड्यात करू नका
- रसशोषक किडींना ५ टक्के निंबोळी अर्क
- कारली, दोडक्याला फळमाशीचे सापळे एकरी ५
- साचलेलं पाणी चर काढून बाहेर

फवारलेल्या प्लॉटमध्ये कोंबड्या सोडू नका आणि फवाऱ्याचा पंप त्यांच्या पाण्याजवळ धुऊ नका. तण काढून त्यांना घालणाऱ्यांनी आधी फवारणीची तारीख आठवावी.

एकाच दिवसात चार-पाच पक्षी अचानक मेले तर ती गादीची गोष्ट समजू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा, पक्षी विकू किंवा शेजाऱ्याला देऊ नका. मेलेले पक्षी नाल्यात न फेकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, वर काट्यांचं झाकण द्या, नाहीतर कुत्री उकरतात.