जुन्या छोट्या ट्रॅक्टरचं इग्निशन: पार्ट शोधताना या चुका टाळा

ट्रॅक्टरचं नाव सांगून पार्ट मागू नका. बाकीच्या अर्ध्या चुका याच एका चुकीतून निघतात. "भाऊ, कब कॅडेटची कॉइल भेटंल का?" असा फोन आला की मी उलट विचारतो, इंजिन कोणाचं? तिकडून आवाजच येत नाही. बागेत चालणारे हे छोटे अमेरिकन ट्रॅक्टर बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या इंजिन दुसऱ्याकडून घेत. 1961 च्या पहिल्या कब कॅडेटवर कोहलरचं इंजिन होतं. कोणावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, कोणावर टेकुमसे. कॉइल (ठिणगीचा करंट बनवणारी), पॉइंट (कॉइलचा करंट वेळेवर तोडणारी टोकं), कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा) हे सगळं इंजिनाच्या नंबरावर मिळतं, बॉनेटवरच्या नावावर नाही.

ब्रिग्जच्या पत्र्याच्या कव्हरवर तीन नंबर ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. मॉडेल 190402 असेल तर इंजिन 19 घन इंचाचं. कोडचे पहिले दोन आकडे साल, पुढचे दोन महिना. आपल्याकडे त्यावर हमखास गेटचा उरलेला ऑइलपेंट मारलेला असतो. तो थिनरच्या बोळ्यानं हळू काढा. तारेचा ब्रश घेऊन बसाल तर नंबराची पट्टी पांढरी होईल आणि मग मलाच फोटो पाठवाल.

नंबर मिळाला म्हणून लगेच ऑर्डर टाकू नका. आधी किल वायर सोडा, म्हणजे मॅग्नेटो (बॅटरीशिवाय, फिरत्या चुंबकावर ठिणगी पाडणारं इग्निशन) बंद करणारी तार. गोदामात उभ्या गाडीची तार उंदरानं कुरतडली आणि चेसिसला टेकली की सगळा करंट तिथंच अर्थ होतो, म्हणजे बॉडीत उतरतो. चांगल्या कॉइली भंगारात जातात त्या अशा. फक्त तार सोडून दोरी ओढण्याआधी इंजिन बंद कसं करायचं ते ठरवून ठेवा. मी चोक पूर्ण लावतो.

चावीचा स्विच बदलतानाही आधी इग्निशन कोणतं ते पाहा. बॅटरी इग्निशनचा स्विच आणि मॅग्नेटोचा स्विच दिसायला सारखेच. पण पहिला चालू स्थितीत 12 व्होल्ट पुढे पाठवतो, दुसरा बंद स्थितीत तार अर्थ करतो. पहिला मॅग्नेटोवर लावला की कॉइल जळाली.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार: फ्लायव्हीलची चावी. ही कुलपाची चावी नाही; फ्लायव्हील, म्हणजे मॅग्नेटोचं चुंबक असलेलं जड चाक, क्रँकच्या शाफ्टवर नेमक्या जागी बसवणारा धातूचा छोटा तुकडा.

काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेतली गोष्ट. आजोबांच्या वेळचा ट्रॅक्टर नातवानं गोदामातून बाहेर काढला. ब्रिग्जचं एक सिलिंडरचं इंजिन. दोरी ओढली की उलटा झटका, कार्बोरेटरमधून फट्ट आवाज आणि मग काहीच नाही. पोरानं प्लग बदलला, कंडेन्सर बदलला, ऑनलाइन कॉइल मागवली. तरी तेच, म्हणून ती डुप्लिकेट असेल असं धरून आणखी एक मागवली. "काकाजी, करंट तं निळाशार पडते, मंग चालू काऊन नाही होत?" करंट पडतच होता, पण अवेळी. क्रँक आणि फ्लायव्हीलमधली चावी अर्धी कापली गेली होती, फ्लायव्हील थोडं फिरलं होतं आणि त्यासोबत चुंबकही. प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहिली तर हे कधीच कळत नाही.

इथवर पैसेच गेले होते. चावी बाहेर निघाल्यावर मात्र शहाणपणा सुरू झाला. ती मऊ धातूची दिसली, म्हणून लेथवर स्टीलची घडवून घेतली आणि ठोकून बसवली. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं, व्हॉट्सॲपला स्टेटस लागलं. नट मात्र अंदाजानं आवळलेला. काही दिवसांत तो ढिला झाला, इंजिननं पुन्हा झटका दिला, आणि या वेळी चावीला काहीच झालं नाही. फ्लायव्हीलच्या खाचेपासून हबला चीर गेली आणि क्रँकच्या खाचेची कड उडाली. मऊ चावी कंपनीनं मुद्दाम दिलेली असते, कारण मार बसला तर स्वस्त वस्तू कापली जावी. चिरलेलं फ्लायव्हील वेल्डिंग करून वापरायचा सल्लाही त्याला कोणीतरी दिला होता. मिनिटाला 3600 फेऱ्यांना ते फुटलं तर पत्र्याचं कव्हर तुकडा अडवत नाही. दुसरं फ्लायव्हील शोधण्यात त्याचा अख्खा मृग बहार गेला.

म्हणून वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन आलं की मी पार्टांची यादी करण्याआधी फ्लायव्हील उतरवतो, पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावून. क्रँकच्या टोकावर हातोडा नाही, खालून पहार नाही. चावीवर नख फिरवायचं. पायरी लागली की चावी बदलायची, ती नंबरावर मागवलेलीच. शाफ्टचा निमुळता भाग थिनरनं पुसून कोरडा ठेवायचा. ग्रीस लावू नका. पकड त्या निमुळत्या भागाची असते, चावी फक्त जागा दाखवते. नट टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या मापानं. नाहीतरी बऱ्याच जुन्या ब्रिग्जचे पॉइंट फ्लायव्हीलखालीच असतात, आणि आपल्याकडे तिथं कुंभारीण माशीनं मातीचं घरही केलेलं असतं, म्हणजे उघडणं चुकत नाहीच.

पॉइंट उघडे दिसले की लोक पॉलिश पेपर घेऊन धावतात. त्याचे कण टोकांवर रुतून बसतात. बारीक कानस दोनदा फिरवा, पांढरा कागद मधून ओढा, तेलाचा हात लावू नका. गॅप ब्रिग्जला आणि कोहलरच्या के मालिकेला 0.020 इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. कॉइल आणि चुंबकातली फट वेगळी: बऱ्याच ब्रिग्जना 0.010 ते 0.014 इंच. मी लग्नपत्रिकेचा तुकडा घालतो, पण मायक्रोमीटरनं मोजलेला. सोनेरी मखमलीची पत्रिका चालत नाही.

बॅटरीवाल्या कोहलरला जुन्या गाडीची कॉइल लावता येते, हे खरं. पण कोणती? 'बाहेरून रेझिस्टर लावा' असं डब्यावर लिहिलेली कॉइल थेट जोडली की पॉइंट जळतात आणि दोष कंडेन्सरला जातो. मल्टिमीटर लावून प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स मोजा. 3 ते 4 ओहम आले तर थेट चालेल. दीडच्या आसपास असेल तर 12 व्होल्टला 8 ॲम्पिअर ओढेल, पॉइंटना निम्माही पुरे. मल्टिमीटर पेट्रोलच्या चार लिटरपेक्षा स्वस्त मिळतो, तरी लोक अंदाजानंच कॉइल घेतात.

मे महिन्यात गरम झालं की बंद, थंड झालं की चालू? कॉइलचा संशय घेण्याआधी टाकीचं झाकण ढिलं करून पाहा, त्याचं हवेचं भोक बुजलेलं असतं. तरीही बंद पडलं तर गरम असतानाच करंट तपासा. सकाळी थंड इंजिनावर केलेली तपासणी कामाची नाही.

प्लग आटे बसले म्हणून बरोबर होत नाही. 14 मिलिमीटरचेच आटे, पण लांबी 9.5, 12.7 किंवा 19 मिलिमीटर. लांब प्लग आत व्हॉल्व्हला किंवा पिस्टनला लागू शकतो. आणि एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), चॅम्पियनमध्ये वाढला की गरम. 'जवळचा नंबर' मागणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

पॉइंटच नकोत म्हणणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आहे. ब्रिग्जनं 1982 पासून मॅग्नेट्रॉन नावाचं असं मॉड्यूल दिलं आणि ते बऱ्याच जुन्या इंजिनांवर बसतं. रोज कामाला जुंपायच्या ट्रॅक्टरला लावा, माझी हरकत नाही. जुना ट्रॅक्टर जसाच्या तसा उभा करायचा म्हणता आणि पहिल्या दिवशी पॉइंट फेकता, तेव्हा मात्र मी फोन ठेवतो. लावलंच, तर पॉइंटचा प्लंजर (पॉइंट उघडणारी छोटी दांडी) जागेवर राहू द्या किंवा त्या भोकाला बूच मारा, नाहीतर क्रँककेसचं ऑइल तिथून फ्लायव्हीलखाली येत राहतं.