पाऊस थांबल्यानंतर येणारा पूर : बडोद्यातील घराने करावयाची तयारी

बडोद्यात केवळ आभाळाकडे पाहून पुराचा अंदाज बांधणारे घर हमखास फसते. शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी पावागड डोंगराकडून येते आणि आजवा सरोवरातून सोडलेले पाणीही तिच्याच पात्रातून शहरात उतरते. त्यामुळे शहरातल्या रावपुऱ्यात ऊन पडलेले असतानाही नदीवरच्या काळाघोडा पुलाखालचे पाणी चढत राहू शकते. ऑगस्ट 2024 मध्ये नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली होती आणि पावसाचा जोर ओसरल्यावरही अनेक वस्त्या पाण्यातच होत्या. म्हणून घरातले निर्णय काळाघोडा पुलाजवळच्या नदीच्या पातळीच्या आकड्याशी बांधावेत.

तेथील धोक्याची पातळी 26 फूट मानली जाते. काळाघोड्याला किती फूट असताना आपल्या उंबरठ्याला पाणी लागते, हे सोसायटीतल्या जुन्या मंडळींना विचारून कपाटाच्या दारामागे लिहून ठेवावे. समजा तो आकडा 28 आहे. तर 22 फुटांना वाहने उंचावर न्यावीत, 24 ला तळमजल्यावरचे सामान वर चढवावे आणि 26 ची वाट न पाहता आजी-आजोबा, तान्ही मुले व आजारी माणसे यांना उंच भागातील नातेवाइकांकडे पोचवावे. ही हलवाहलव दिवसाउजेडीच उरकावी.

पुरात सर्वांत आधी टंचाई होते ती पाण्याचीच. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज 4 लिटर धरले, तरी चौघांना पाच दिवसांसाठी 80 लिटर लागतात, आणि ते झाकणाच्या भांड्यांत वेगळे भरून ठेवावे लागतात. गच्चीवरची टाकी वीज असतानाच भरून घ्यावी. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी, म्हणजे गटाराचेही, एकदा शिरले की तिचा पंप मुळीच चालवू नये, नाहीतर वरची टाकीही नासते. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा) विरघळवून घोट घोट द्यावे.

खाण्यासाठी न शिजवता चालणारे पोहे, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे आणि खाकरे पुरेत. नेहमीची औषधे मात्र किमान आठवड्याची हवीत.

पाणी अंगणात असतानाच मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. अनेकजण एक गोष्ट विसरतात : मेन बंद केला तरी इन्व्हर्टरमुळे घरात वीज खेळत राहते. तोही बंद करावा आणि शक्य असल्यास पावसाळ्याआधीच त्याची बॅटरी उंच ठेवून घ्यावी.

आपल्या पुरात मगरीही असतात, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना गमतीचे वाटते. मगर दिसल्यास लांब राहून वनविभागाला किंवा अग्निशमन दलाला कळवावे. व्हिडिओसाठी जवळ जाऊ नये, काठीने डिवचू तर नयेच. गढूळ पाण्यात मुलांना उतरू देऊ नये.

पाणी ओसरल्यावर साफसफाईपूर्वी नुकसानीची छायाचित्रे काढावीत. बुडालेली मोटार चालू होते का हे पाहण्यासाठी किल्ली फिरवू नये, कारण इंजिनात पाणी असल्यास ते तेवढ्यानेच मोडते आणि विमा कंपनी ती भरपाई नाकारू शकते. गाडी ओढूनच दुरुस्तीच्या कारखान्यात न्यावी.