एफडीतले थोडे पैसे गरिबाच्या धंद्यात लावायचे असतील तर

यंदा चवथीला गणपतीवर माटोळी (रानफळांची आरास) बांधता बांधता माझ्या मावसभावाने विचारलं, दादा माझी एफडी पिकतेय, त्यातले पन्नासेक हजार गरिबांच्या उपयोगी पडतील असे कुठे लावता येतील काय, पण दान नको, फिरून आले पाहिजेत. मी म्हटलं जेवण होईस्तोवर सांगतो. जेवण झालं, आरती झाली, तरी संपलं नाही, म्हणून आता सगळं एकदाच लिहून टाकतो.

याला इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात, नाव पडलं २००७ च्या आसपास, पण कल्पना साधी आहे. धंदा असा हवा की तो चालला तर गरिबाची कमाई वाढते, आणि तो चालतो म्हणूनच तुमचे पैसे परत येतात. दोन्ही पाहिजे. नुसतं पहिलं असेल तर ते दान, नुसतं दुसरं असेल तर साधा धंदा, मग वर गरीब बाईचा फोटो छापलेला का असेना.

आधी एक ठरवा, पैसे गोव्यातच लागायला हवेत की बाहेर गेले तरी चालतील? नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात बहुआयामी गरिबी, म्हणजे आरोग्य, शिक्षण, राहणीमान बघून मोजलेली, गोव्यात ०.८४ टक्के आहे, आपल्याखाली फक्त केरळ. म्हणजे इथे गरीब नाहीत असं नव्हे, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर जाऊन बघा, आणि खाणी आधी २०१२ ला आणि मग २०१८ ला बंद झाल्यावर कर्जाने घेतलेले ट्रक दारात गंजत पडलेले डिचोलीवाल्यांनी पाहिलेच आहेत. पण घरबसल्या मोबाईलवरून पैसे लावायचे तर ते बहुतेक परराज्यातल्या कुणाकडे जाणार. मला त्यात काही वावगं वाटत नाही, भावाला जरा खटकलं.

किती लावायचे? पन्नास तर मुळीच नको, पहिल्या वर्षी दहा हजार. बुडाले तर बायकोला सांगताना आवाज कापणार नाही एवढीच रक्कम.

आता वाटा कोणत्या ते बघू. सगळ्यात सोपी म्हणजे पीटूपी (पीअर-टू-पीअर), तुम्ही थेट कर्ज देता आणि मध्ये प्लॅटफॉर्म असतो. या प्लॅटफॉर्मना रिझर्व्ह बँकेचं एनबीएफसी-पीटूपी लायसन लागतं (एनबीएफसी म्हणजे बँक नसलेली वित्तसंस्था), २०१७ पासून नियम आहेत. सगळेच काही गरिबांसाठी नसतात, बरेचसे शहरातल्या पगारदारांना पर्सनल लोन देतात, त्यामुळे नीट बघून घ्या. बंगळुरूचं रंग दे २००८ पासून शेतकरी, कारागीर, छोट्या धंदेवाल्यांसाठीच हे काम करतंय आणि आता लायसनवालं आहे. पैसे एस्क्रो, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यातून फिरतात, एका माणसाला तुम्ही जास्तीत जास्त ५०,००० देऊ शकता, मुदत ३६ महिन्यांच्या आत. प्लॅटफॉर्म गॅरंटी देऊ शकत नाही, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परत दम दिलाय की खात्रीचा परतावा, हवे तेव्हा काढा असली जाहिरात चालणार नाही. कोण करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

इथे एक हिशोब करून बघा. ५०,००० दहा जणांना पाच-पाच हजार दिले, ८ टक्क्यांनी वर्षभरासाठी, आणि एकाने एक पैसा दिला नाही. उरलेल्या नऊ जणांचे मिळून ४८,६०० येतात, म्हणजे नऊ जणांनी व्याज भरूनसुद्धा तुम्ही १,४०० ने खाली. तेच पन्नास जणांना हजार-हजार दिले आणि एक बुडला तर हातात ५२,९२०. पन्नासात पाच बुडले तर परत तेच ४८,६००, तेव्हा वाटून दिल्याने बुडणं थांबत नाही, फक्त एकाच्या आजारपणावर तुमचं सगळं अवलंबून राहत नाही.

दुसरी वाट सोशल स्टॉक एक्स्चेंज, आणि इथे लोक हमखास फसतात, म्हणजे कोणी फसवत नाही, नावच ऐकून फसतात. २०१९ च्या बजेटमध्ये घोषणा झाली, २०२२ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या संस्थेने नियम केले, २०२३ च्या डिसेंबरमध्ये उन्नती फाउंडेशन ही पहिली संस्था लिस्ट झाली. सामाजिक संस्था तिथे झेडसीझेडपी नावाचा कागद विकते, झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल, आता नावातच सगळं आलं, व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य. डीमॅटमध्ये दिसेल, पण पैसे परत येणार नाहीत. हे शिस्तीतलं दान आहे, वर्षाला इम्पॅक्ट रिपोर्ट द्यावा लागतो, तो बाहेरचा माणूस तपासतो. आधी कमीत कमी २ लाख लागायचे, मग १०,०००, आणि २०२५ पासून १,००० पुरतात. चांगली सोय आहे, पण भावाला फिरून पाहिजेत ना, मग त्याच्यासाठी नाही.

तिसरी वाट सोशल इम्पॅक्ट फंडांची (आधी यांना सोशल व्हेंचर फंड म्हणायचे), ते मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे जमवून सामाजिक धंद्यांत लावतात, तिथे साधारण १ कोटीपासून सुरुवात, पुढे चला.

राहिली चौथी, ओळखीतल्या इथल्याच धंद्यात थेट पैसे. ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात धोक्याची. कंपनी असेल तर तिला उठून कोणाकडूनही ठेवी घेता येत नाहीत, परवानगीशिवाय ठेवी गोळा करायला बंदी घालणारा २०१९ चा बड्स कायदा आहे, त्यामुळे "आमच्या सामाजिक स्कीममध्ये १८ टक्के" असं कोणी म्हणालं की चहा पिऊन उठा. पतसंस्थेतल्या ठेवीला तो ५ लाखांचा विमाही नसतो, तो फक्त बँकेतल्या ठेवींना. आणि प्रायव्हेट लिमिटेडचे शेअर घेतलेत तर विकायचे कोणाला, हा प्रश्न घेण्याआधी विचारा.

बचत गटाला पैसे द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्यांना बँकेचं कर्ज २० लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, तुमच्या दहा हजारांची त्यांना गरज नसते, त्यांना पाहिजे असते ऑर्डर. चवथीच्या दोन महिने आधी फराळाची ऑर्डर द्या आणि अर्धे पैसे आगाऊ टेका, गुंतवणूक म्हणून याला कोणी मोजत नाही पण मी मोजतो.

आता माझीच गोष्ट सांगतो. २०१८ मध्ये सत्तरीतल्या एका पोराला मी ६०,००० दिले होते, प्रोप्रायटरशिप, म्हणजे त्याच्या एकट्याच्या नावावरचा धंदा होता, भिरंडांचं (कोकमांचं) आगळ आणि सिरप करायचा, वाडीवरच्या बारा बायका फळं फोडायला यायच्या. कागद नीट केला, दर महिन्याला हप्ता, अठरा महिने. एकही हप्ता चुकला नाही, मी सगळ्यांना सांगत सुटलो की बघा असं असतं, गरिबाला दिलेलं बुडत नाही वगैरे. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात त्यातलीच एक बाय भेटली, सोलां (सुकवलेली कोकमं) विकायला बसली होती. म्हणाली बाब, आमची दोन महिन्यांची मजुरी आली नाही, तो म्हणतो आधी हप्ता भरायचा असतो.

मला घामच फुटला. भिरंडां येतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा सगळी रोकड फळांत जाते, पावसात सिरप कोण पितो, विक्री खरी पर्यटक आल्यावर आणि मग उन्हाळ्यात. जून ते सप्टेंबर त्याच्याकडे पैसाच नसायचा, तरी माझा हप्ता वेळेवर यायचा, कारण तो बायकांच्या मजुरीतून यायचा. म्हणजे गरिबी कमी करायला दिलेल्या पैशाचं व्याज मी गरीब बायकांकडूनच घेत होतो, आणि वर ऐट. वसुली शंभर टक्के म्हणजे सगळं ठीक, ही समजूत तिथे गेली. आंध्रात २०१० मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं, ऑगस्टमध्ये गरिबांना छोटी कर्जं देणाऱ्या एका मायक्रोफायनान्स कंपनीचा आयपीओ (शेअरची पहिली विक्री) जोरात गेला आणि ऑक्टोबरमध्ये वसुलीच्या जाचाला आणि आत्महत्यांना आळा घालायला सरकारला वटहुकूम काढावा लागला, तोवर वसुलीचे आकडे बघून सगळे खूश होते.

आम्ही मग हप्ते बदलले, एक डिसेंबरनंतर आणि एक मार्चअखेर, मध्ये काही नाही. आणखी एक अडचण निघाली, एक हॉटेल बाटल्या घेऊन तीन-तीन महिने पैसे द्यायचं नाही. पोराला उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करायला लावलं, कारण मायक्रो किंवा स्मॉल उत्पादक असेल तर गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि आता तर मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरताच येत नाही, त्यामुळे हॉटेलचा अकाउंटंट स्वतः फोन करतो.

तर पैसे देण्याआधी मी आता चार-पाच गोष्टी विचारतो, आणि व्याज किती ते सगळ्यात शेवटी. यात गरीब माणूस नेमका कुठे आहे, मजूर, माल विकणारा, मालक की गिऱ्हाईक? त्याला आज किती मिळतात आणि हा धंदा नसता तर किती मिळाले असते? (या प्रश्नाचा दुसरा भाग कोणी विचारत नाही, बाया आधीही सोलां विकतच होत्या.) हंगाम कधी, रोकड कधी येते, हप्ता कधी? मंदी आली तर पहिल्यांदा कोणाचे पैसे अडतात? कर्ज घेणारी घरंच असतील तर त्यांच्यावर आधीचं किती आहे? रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, माझ्या मते निम्मेसुद्धा फार झाले.

उत्तरं मालकाकडून घेऊ नका, म्हणजे घ्या, पण नंतर मालक नसताना कामगारांकडूनही घ्या. प्लॅटफॉर्मवर हे जमत नाही, तिथे निदान कोणत्या स्थानिक संस्थेने कर्जदार निवडला आणि पीक गेलं तर मुदत वाढवतात का एवढं वाचा.

टॅक्सचं विसरू नका, पीटूपीचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे भरायचं, आणि बुडालेलं मुद्दल त्यातून सहज वजा होईल असं धरून चालू नका, आधी सीएला विचारा.

भावाने शेवटी दहा हजार पीटूपीवर लावले, वीस जणांना पाचशे-पाचशे, आणि पाच हजार त्या सत्तरीच्या पोराला मार्चमध्ये आगाऊ देणार आहे, तीस बाटल्यांचे. त्याने एवढंच विचारून घेतलंय की फळं फोडायची मजुरी आठवड्याला देतोस की महिन्याला. आठवड्याला, शनिवारी.