रुगर १०/२२ चा जड ट्रिगर: माझा अनुभव

अमेरिकेत स्वस्त .२२ (लहान गोळीची) रायफल म्हटली की बहुधा रुगर १०/२२. कारखान्यातून येताना तिचा ट्रिगर दाबायला ५-६ पौंड जोर लागतो, शिवाय तो खरखरीत. दोष हॅमरच्या (गोळी उडवायला आदळणाऱ्या भागाच्या) खाचेत असतो; ट्रिगर दाबेपर्यंत हॅमर तिच्यावरच अडकून राहतो. ती खाच घासून कोन बदलायच्या फंदात पडू नका. पृष्ठभाग झिजला की एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात.

मी तयार, घडवलेला हॅमर बसवला. त्यासाठी आधी मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. स्टॉकचा (रायफलीच्या दांड्याचा) स्क्रू काढून सेफ्टीचं बटण मधोमध ठेवलं तरच अ‍ॅक्शन, म्हणजे आतली यंत्रणा, बाहेर येते. मागची बोल्ट-स्टॉप पिन (मागे सरकणारा बोल्ट अडवणारी) सैल असते, हमखास घरंगळते. खाली ट्रे हवाच. दोन आडव्या पिना ढकलल्या की ट्रिगर गट सुटतो. उघडण्याआधी फोटो काढा, हॅमरच्या बाजूच्या बुशिंगा (छोट्या नळ्या) फार चिमुकल्या. ट्रिगर आता अडीच-तीन पौंडांवर.

जोडल्यावर रिकाम्या रायफलीचा बोल्ट ओढून सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात दाबून सोडा, सेफ्टी काढा: हॅमर पडता कामा नये. मग बटावर (स्टॉकच्या मागच्या टोकावर) रबरी हातोडीने ठोका; तेव्हाही हॅमर पडता कामा नये. रेंजवर आधी एक, मग मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या.