शेवटच्या नळाला पाणी: गावची नळयोजना गावाने कशी चालवावी

नळयोजना नीट चालली आहे की नाही, हे टाकीखाली उभे राहून कळत नाही. गावात ज्या घरी पाणी सर्वांत उशिरा पोचते आणि धार सर्वांत बारीक असते, त्या घरचा नळ उघडून पाहावा लागतो. तिथे पाणी किती येते, त्यात क्लोरीन उरलेला असतो का आणि ते घर पाणीपट्टी भरते का, एवढ्या तीन गोष्टींवरून योजनेची प्रकृती समजते. तिसऱ्या गोष्टीचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या दोहोंत सापडते.

जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर लागले. त्या वस्तीला तासभर पाणी सोडत असाल, तर २० लिटरची बादली साधारण सव्वाचार मिनिटांत भरली पाहिजे. पाऊण तासच सोडत असाल, तर सव्वातीन मिनिटांत. बादली आणि घड्याळ घेऊन महिन्यातून एकदा हे मोजा आणि वहीत लिहा. “आमच्याकडे पाणीच येत नाही” आणि “भरपूर येतं की” हा ग्रामसभेतला वाद आकडा समोर असला की लवकर मिटतो.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर सगळीकडे असते. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यात १० ते १५ सदस्य, त्यांत निम्म्या महिला आणि दुर्बल घटकांना चौथा हिस्सा असावा. आमच्या मते त्याहून महत्त्वाची अट अशी की प्रत्येक व्हॉल्व्हच्या भागातले निदान एक माणूस समितीत हवे. टाकीजवळच्या आळीतलेच सगळे सदस्य असतील, तर शेवटच्या नळाची तक्रार बैठकीपर्यंत पोचतच नाही.

पंप आणि व्हॉल्व्ह

पंपघरात एक वही दोरीने बांधून ठेवा. मोटार सुरू-बंद केल्याची वेळ, व्होल्टेज, ॲमीटरचा आकडा आणि वीजमीटरचे रीडिंग एवढेच तिच्यात रोज लिहायचे. नेहमीपेक्षा अँपिअर कमी दिसू लागले, तर बहुधा विहिरीची पातळी उतरली आहे किंवा पंप झिजला आहे. अँपिअर वाढले, तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंप गाळाने जड झाला आहे. मोटार जळण्याआधी काही दिवस हे आकडे बहुतेकदा बदलू लागलेले असतात, फक्त कोणी लिहीत नसते. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटार बंद करणारा) आणि ड्राय रन प्रिव्हेंटर (पाणी संपले की मोटार बंद करणारा) यांची किंमत एका रिवाइंडिंगपेक्षा कमी असते. वैतागून ते बायपास करणारा वायरमन गावाला महागात पडतो. ऑटो स्विचचेही तसेच. रात्री वीज आली की मोटार आपोआप चालू होते, टाकी भरून वाहते आणि बिल गावाच्या नावावर चढते. ऑटो लावायचाच असेल, तर टाकी भरली की मोटार बंद करणारा फ्लोट स्विचही टाकीत लावा.

व्हॉल्व्ह हळू फिरवायचा. झटक्यात बंद केला की वाहत्या पाण्याचा धक्का पाइपवर बसतो आणि पीव्हीसीचे सांधे निखळतात. प्रत्येक व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे एकदा ठरवून चेंबरच्या झाकणाच्या आतून रंगवून ठेवा. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह पुरा उघडला की वरच्या वस्तीला हवाच येते. त्यामुळे सखल भागाचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडायचा आणि उंच भागाची पाळी वेगळी ठेवायची. शेवटच्या नळावर बादली मोजत फेरे कमी-जास्त करत गेलात, तर दोन-चार दिवसांत ताळमेळ बसतो. पाणी सोडणारा माणूस रजेवर गेला की गावाचे पाणी बिघडते, कारण हे फेरे फक्त त्याच्या हाताला माहीत असतात.

टीसीएल: किती, कसे आणि कुठे तपासायचे

टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर. ताज्या टीसीएल पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. १,००० लिटर पाण्याला अशी ५ ग्रॅम पावडर हे सुरुवातीचे प्रमाण धरा. ताकद २५ टक्क्यांवर आली असेल, तर साडेसहा ग्रॅम लागते. २० टक्क्यांवर आली, तर सव्वाआठ. त्याहून कमी ताकदीची पोती घेऊ नका आणि जुनी असतील तर वापरू नका. ताकद डोळ्यांनी किंवा वासाने ठरत नाही. हवाबंद पिशवीत नमुना घालून तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.

विहिरीतल्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये मिळते. विहीर ६ मीटर व्यासाची आणि पाणी ३ मीटर खोल असेल, तर ६ × ६ × ३ × ७८५, म्हणजे जवळजवळ ८५ हजार लिटर. ३३ टक्के ताकदीची पावडर सव्वाचारशे ग्रॅम लागेल.

१. नाका-तोंडाला कापड बांधा, हातमोजे घाला. बादली प्लॅस्टिकचीच घ्या, लोखंडी नको.
२. पावडरमध्ये थोडे पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत लगदा करा. मग पाऊण बादली पाणी ओतून ढवळा.
३. दहा-पंधरा मिनिटे न हलवता ठेवा. चुना तळाशी बसतो.
४. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या. तळचा चुना विहिरीत किंवा टाकीत टाकायचा नाही. त्याने पाणी जड होते आणि गाळही साचतो.
५. विहिरीत बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. टाकीत टाकायचे असेल, तर टाकी भरू लागतानाच ओता, म्हणजे येणाऱ्या पाण्यात ते मिसळते.
६. अर्धा तास तरी थांबून मगच गावाला पाणी सोडा.

कोरडी पावडर पुडी सोडून विहिरीत भिरकावणे ही पद्धत सर्रास दिसते. त्यातला बराच क्लोरीन चुन्याबरोबर तळाला जातो आणि वही मात्र नियमित भरलेली राहते. पोती साठवण्याची जागा कोरडी आणि अंधारी हवी. ती फळीवर ठेवा, उघडे तोंड घट्ट बांधा. पंपघरात स्टार्टरशेजारी मुळीच ठेवू नका. क्लोरीनच्या वाफेने तांब्याचे संपर्क हिरवे पडतात आणि पावडरही उष्णतेने मरते.

आता तपासणी. पाणी आधी मिनिटभर वाहू द्या. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, संचावर लिहिलेले ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवून पाहा. उशीर केला तर रंग गडद होतो आणि आकडा फसवतो. तपासलेले पाणी ओतून टाका, हात धुवा आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, कारण हे रसायन विषारी आहे. शेवटच्या नळाला किमान ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन उरला पाहिजे.

टाकीपाशी पिवळा रंग छान येतो आणि शेवटच्या नळाला पाणी पांढरेच राहते, असे झाले की बहुतेक जण टीसीएल वाढवतात. ते थांबवा. आधी शेवटच्या नळापासून टाकीच्या दिशेने घरोघर तपासत या. ज्या घरी रंग पहिल्यांदा दिसेल, ते घर आणि त्याच्या लगेच आधी तपासलेले घर यांच्यामध्येच बहुधा क्लोरीन खाणारी घाण आहे. मात्रा वाढवली तर जवळच्या घरांना पाण्याला वास येतो, ती लोकं पुन्हा आडाचे पाणी प्यायला लागतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

घाण पाइपात शिरते कशी

आपल्याकडे पाणी चोवीस तास वाहत नाही. पाळी संपली की पाइप रिकामे होतात आणि आत निर्वात होऊन ते बाहेरचे ओढून घेतात. पाइप गटारातून गेला असेल आणि सांधा किंचित गळत असेल, तर गटाराचे पाणी आत जाते. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन घागरी गढूळ येतात त्या यामुळे. नळाला थेट मोटार लावणारे घर ही ओढ आणखी वाढवते आणि शेजाऱ्यांचेही पाणी खेचते.

सर्वांत वाईट म्हणजे खड्ड्यातला नळ. दाब कमी म्हणून लोक अंगणात दोन-तीन फूट खणून खाली पाइप कापतात. तोटी नसते. खड्ड्यात भांडी घासलेले पाणी साचते आणि पाळी संपताच परत पाइपात जाते. असे नळ दंड लावून बंद होत नाहीत. तिथला दाब आधी सुधारावा लागतो, मग जमिनीपासून दोन फूट उंच स्टँडपोस्ट आणि तोटी बसवून खड्डा बुजवावा लागतो. समितीने तोट्या एकगठ्ठा आणून बसवल्या, तर काम एका आठवड्यात होते.

गटार ओलांडणारा प्रत्येक पाइप गटाराच्या वरून घ्या. खालून नेणे भागच असेल, तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या आवरणातून न्या आणि सांधा गटारापासून दूर ठेवा.

गळती शोधायला रात्र बरी. टाकीत भरणारा आणि टाकीतून जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पातळीची खूण करा. सकाळी पातळी उतरली, तर टाकी गळते किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. दुसऱ्या रात्री घरोघरचे नळ बंद ठेवायला सांगून फक्त जाणारा व्हॉल्व्ह उघडा. आता जे उतरेल ती गावातली गळती. फुटलेली लाइन जोडून झाल्यावर आधी शेवटाकडून पाणी वाहून जाऊ द्या. क्लोरीन तपासल्यावरच पाळी सुरू करा.

जंतूंसाठी एच२एस बाटलीची चाचणी गावातच होते. पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवायचे. २४ ते ४८ तासांत काळे पडले, तर ते पिऊ नये. क्लोरीन असलेल्या पाण्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. ती विहीर, हातपंप आणि संशयित नळांसाठी आहे. नायट्रेट आणि फ्लोराइड मात्र उकळूनही जात नाहीत आणि टीसीएलनेही नाहीत. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि फ्लोराइडची १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत अजिबात नसेल तरच फ्लोराइड दीडपर्यंत चालवून घेतात.

टाकी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा धुवा. गाळ काढून भिंती घासा. मग १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम टीसीएल या निवळ द्रावणाने भिंती पुसा, अर्धा तास ठेवा, धुऊन ते पाणी बाहेर सोडा. बंद टाकीत क्लोरीनचा वास छातीत बसतो. झाकण पूर्ण उघडे ठेवा, आतल्या माणसाच्या कमरेला दोर बांधा आणि वर एक जण उभा राहू द्या. एकट्याने उतरायचे नाही. धुतल्याची तारीख टाकीवर रंगवा.

पाणीपट्टी किती?

शेजारच्या गावाएवढी ठेवू, असे म्हणून पट्टी ठरवू नका. समजा ३०० नळ आहेत, लोकसंख्या १,५०० आहे आणि गळतीसह रोज एक लाख लिटर उपसा होतो. पाच अश्वशक्तीची मोटार दहा तास चालली, तर साधारण ४५ युनिट पडतात. वीजबिल महिना १०,००० रुपये धरले, तर वर्षाचे १,२०,०००. पाणी सोडणाऱ्याचे मानधन महिना ८,००० प्रमाणे ९६,०००. टीसीएल रोज अर्धा किलो, वर्षाला १८२ किलो, सुमारे ७,३००. दुरुस्ती ४०,०००, तपासण्या ५,००० आणि मोटार बदलण्यासाठी बाजूला टाकायचे ३०,०००. एकूण जवळजवळ तीन लाख, म्हणजे नळामागे वर्षाला १,००० रुपये. पण वसुली ८० टक्केच होत असेल, तर १,२५० ठेवावे लागतील. हे दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या बिलावरचे आकडे घाला. शेवटची ३०,००० ची ओळ बहुतेक ठिकाणी गाळली जाते. मग मोटार जळली की वर्गणी काढेपर्यंत आठ-पंधरा दिवस टँकर येतो.

पैसे स्वतंत्र खात्यात ठेवा आणि दरमहा जमा, खर्च, थकबाकी फळ्यावर लिहा. नळ तोडण्याचा निर्णय ग्रामसभेच्या ठरावानेच घ्यावा आणि यादीत पहिले नाव पुढाऱ्याचे असेल, तर तेही फळ्यावर यायला हवे.

सांडपाणी आणि शौचालय

नळ आले की सांडपाणी वाढते. नांदेडकडे रुळलेल्या पद्धतीचा शोषखड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट खोल असतो. मधोमध सिमेंटची लहान टाकी बसवायची आणि तिला वरच्या बाजूला भोके ठेवायची. भोवती खाली मोठे दगड आणि वर बारीक दगड भरायचे. गाळ टाकीत बसतो आणि निवळ पाणी भोकांतून दगडांत जाते. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही, तर दगड बुजतात आणि सगळा खड्डा उपसावा लागतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणा. पाणीपुरवठा विहिरीजवळ शोषखड्डा घेऊ नका.

शौचालयाला दोन खड्डे हवेत, पण एका वेळी वापरायचा एकच. दोन्ही खड्ड्यांकडे वाट देणाऱ्या चेंबरमधले दुसरे तोंड वीट-चिखलाने बंद करायचे. दोन्ही तोंडे उघडी ठेवली, तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि उपसताना ताजा मैला हाती येतो. खड्ड्याच्या बांधकामात जाळी (विटांमध्ये मोकळ्या फटी) ठेवा, आतून गिलावा करू नका आणि तळ मातीचाच राहू द्या. ठेकेदार मजबुतीसाठी म्हणून तळाला काँक्रीट घालतो. मग पाणी मुरायला वाट राहत नाही आणि खड्डा काही महिन्यांत तुंबतो. काळ्या मातीत खड्ड्याच्या बांधकामाबाहेर चोहोबाजूंनी एक फूट वाळू किंवा खडी भरा. दोन खड्ड्यांमध्ये निदान एक मीटर अंतर ठेवा आणि न्हाणीचे पाणी त्यांत सोडू नका. व्हेंट पाइप लागत नाही, वायू मातीत मुरतो.

पहिला खड्डा भरला की तोंडे बदला आणि झाकणावर तारीख कोरा. दीड-दोन वर्षांनी उघडल्यावर आतला माल कोरडा, भुसभुशीत आणि बिनवासाचा असेल, तर फावड्याने काढून शेतात घाला. ओला वाटला किंवा वास आला, तर झाकण लावून आणखी काही महिने तसाच राहू द्या.