जीपीएसच्या विलंबातली हवेची भरती-ओहोटी : या चुका टाळा

उष्ण कटिबंधात, वादळवारा नसलेल्या दिवशी दर तासाला वायुदाब लिहून पाहा. सकाळी दहाच्या सुमारास पारा चढलेला, दुपारी चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. हीच हवेची भरती-ओहोटी. समुद्राच्या सवयीने अनेकजण ती चंद्राच्या वेळांशी जुळवायला जातात, पण हवेत चंद्राचा वाटा अगदी किरकोळ. ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात, त्यातून ही १२ आणि २४ तासांची लाट उठते.

जीपीएसचा सिग्नल हवेतून येताना रेंगाळतो आणि हा विलंब अंतरात मोजतात. समुद्रसपाटीवर थेट डोक्यावरच्या उपग्रहाच्या सिग्नलची वाट कोरड्या हवेमुळे सुमारे २.३ मीटर लांबल्यासारखी होते. दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की त्यात २.३ मिलिमीटरचा फरक पडतो. विषुववृत्ताजवळ १२ तासांची लाट मध्यापासून साधारण १.२ हेक्टोपास्कल वर-खाली होते, म्हणजे जवळपास ३ मिलिमीटर. क्षितिजापासून ५ अंशांवरच्या उपग्रहासाठी हे दहापट धरा.

रिसीव्हर दोन फ्रिक्वेन्सींचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने आयनांबरातला, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातला, विलंब निघतो. तपांबरातला, म्हणजे जमिनीलगतच्या थरातला, दोन्ही फ्रिक्वेन्सींना सारखाच असतो, तो तसाच उरतो.

सर्वात महागात पडते ती चूक वेगळीच. जीपीटीसारख्या (ठिकाण आणि तारखेवरून दाब-तापमानाचा अंदाज देणाऱ्या) मॉडेलचा दाब फक्त ऋतूनुसार बदलतो, दिवसभरात नाही. तो वापरला की सुटलेली भरती-ओहोटी ओल्या विलंबात, म्हणजे बाष्पामुळे होणाऱ्या विलंबात, जाऊन बसते आणि हवेत नसलेलं बाष्प रोज ठरल्या वेळी वाढताना-घटताना दिसतं. ते खरं मानून निष्कर्ष काढलेले पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण अँटेनाजवळच्या दाबमापकाने हे सहज टळलं असतं. मात्र दाब त्या जागेचा हवा, समुद्रसपाटीला आणलेला नको. ८ मीटर उंचीला सुमारे १ हेक्टोपास्कल जातो.

हवामान मॉडेलचे सहा-सहा तासांचे आकडे घेत असाल तर १२ तासांच्या लाटेचे जेमतेम दोनच बिंदू हाती येतात. ते नेमके मध्यरेषेवर पडले तर लाट गायबच! तासागणिक आकडे घ्या, किंवा भरती-ओहोटीचं मॉडेल वेगळं जोडा. मोजलेल्या दाबात मात्र ते जोडू नका, त्यात लाट आधीच आहे.

आणि जीपीएसने मोजलेल्या उंचीत १२ तासांचं चढउतार दिसलं की लगेच हवेवर खापर फोडू नका. दाबाने जमीन मिलिमीटरभर दबते हे खरं, पण जीपीएस उपग्रहाची एक फेरीही ११ तास ५८ मिनिटांची असते. कक्षेतल्या चुका अगदी तशाच दिसतात.